बाकीची औषधं टाकून दिली

आमच्या शारजाच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या वर एक कात्रण चौकटीत लावलेलं होतं. पाहुणे आले की मी ते मोठ्याने वाचून दाखवायचो आणि माझी बायको इनेज आत निघून जायची, कारण तिने ते शंभर वेळा ऐकलं होतं. सन अठराशे शहाण्णव, मुंबईच्या कुठल्याशा मराठी वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावरची जाहिरात. मजकूर असा:

“रा. रा. बाप्टिस्ट, मुक्काम वसई, लिहितात: मी तीन वर्षे अशक्ततेने अंथरुणास खिळलो होतो. डॉक्टर हॉब्डेसाहेब यांच्या रक्तदीपक अर्काच्या सहा बाटल्या घेताच मजला पूर्ण आराम पडला. बाकीची सर्व औषधे मी टाकून दिली आहेत.”

हा बाप्टिस्ट माझ्या पणजोबांचा बाप. आमच्या घराण्यात छापून आलेलं नाव हे पहिलं आणि आजवरचं शेवटचं, त्यामुळे त्याचा तोरा आम्ही सव्वाशे वर्षं मिरवला. मजकुराच्या वर हॉब्डेसाहेबांचं चित्र आहे, छातीवर रुळणारी दाढी आणि गोल चष्मा. मी अठरा वर्षं जाहिरातीच्या धंद्यात आहे म्हणून सांगतो, हा हॉब्डे कधी जन्मालाच आला नसणार. गिरगावातल्या एखाद्या खोलीत गूळ, दारू आणि थोडी अफू उकळणाऱ्या माणसाने छापखान्यातून एका गोऱ्या साहेबाचा ठसा उचलला आणि त्याला डॉक्टर केलं. साहेब असला की औषध खपायचं. पण साहेब दूरचा वाटतो, म्हणून त्याच्याखाली एक जवळचा माणूस लागतो. ज्याचं नाव आपल्यासारखं आहे, गाव ओळखीचं आहे, आणि जो आपल्याच भाषेत कण्हलेला आहे. नाव वापरू दिल्याबद्दल बाप्टिस्टला एक डझन बाटल्या फुकट मिळाल्या होत्या.

पुढची गोष्ट चौकटीत नाही. वर्षभरात गावात तापाची साथ आली आणि बाप्टिस्ट पडला. बायकोने सरकारी दवाखान्यातून औषध आणलं, तर ह्या गृहस्थाने तोंड घट्ट मिटून घेतलं. म्हणाला, बाकीची औषधं टाकून दिली असं माझ्या नावाने छापून आलंय, आता कुठल्या तोंडाने घेऊ? नवव्या दिवशी गेला. ही गोष्ट आमच्याकडे लग्नाच्या मांडवात हसत हसत सांगतात. कोणी हट्टाला पेटलं की ‘बाप्टिस्टपणा करू नको’ म्हणतात. मीही हसायचो. तेव्हा त्याच्या बायकोच्या पदरात सहा मुलं होती, हे हसताना माझ्या कधी लक्षात आलं नाही.

माझा धंदाही तोच. शारजात एक वेलनेस सेंटर आहे, नाव सांगत नाही. तिथे मी मार्केटिंगला होतो. सेंटरमध्ये साखरेच्या आजारावर जडीबुटीचे थेंब मिळायचे, बाटली एकशे वीस दिरहमला, म्हणजे आपले पावणेतीन हजार रुपये. माझं काम पेशंट शोधायचं, त्याला खुर्चीत बसवायचं, लाइट लावायचा आणि त्याच्याकडून बरं झाल्याचं वदवून घ्यायचं. हिंदी, मल्याळम, उर्दूतले व्हिडिओ झाले होते. मॅनेजर प्रल्हाद एक दिवस म्हणाला, “स्टॅनली, तू एवढा महाराष्ट्रीयन, आणि आपल्याकडे एक मराठी टेस्टिमोनियल नाही? ये तो गलत बात है.”

त्याच आठवड्यात सेंटरमध्ये पार्टिशन बसवायला उम्म अल कुवैनहून एक माणूस आला होता. अॅल्युमिनियमची पट्टी त्याच्या अंगठ्यावर पडली आणि त्याच्या तोंडून अस्सल मराठी शिवी निघाली. मी धावत गेलो, बर्फ घेऊन नव्हे, आनंदाने. त्याचं नाव फैज, मूळ दाभोळचा, उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपमध्ये फोरमन. अर्ध्या तासात आम्ही दोघं एकमेकांची गावं, मासे आणि बोटी उकरत बसलो. बोलता बोलता कळलं, त्याची आई व्हिजिट व्हिसावर त्याच्याकडे आली आहे. वय सदुसष्ट, साखर वीस वर्षांची, दोन वेळ इन्सुलिन. माझ्या डोक्यात तेव्हाच लाइट लागला. आज त्या क्षणाची मला शिसारी येते.

खैरुन्निसाचाची सेंटरमध्ये आल्या त्या पांढरी ओढणी डोक्यावर घट्ट आवळून, हातात माझ्यासाठी डब्यातून सांदणं घेऊन. प्रल्हादने त्यांना तीन बाटल्या फुकट दिल्या. त्यांनी थेंब बारा दिवस घेतले, इन्सुलिनच्या जोडीने. साखर होती तिथेच होती, फक्त त्यांना जरा हुशारी वाटत होती. नातीच्या सहवासात कोणालाही वाटेल. तेराव्या दिवशी मी त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि मजकूर वाचून दाखवला.

जाहिरातीचा सरकारी आरोग्य खात्याकडून मंजूर झालेला मजकूर वेगळा होता, अगदी मिळमिळीत. प्रल्हाद म्हणाला होता, शेवटी एक जोरदार ओळ टाक. मला फार विचार करावा लागला नाही. ती ओळ माझ्या घरात टीव्हीच्या वर टांगलेली होती.

“मी बाकीची सगळी औषधं टाकून दिली,” चाचींनी माझ्या मागून म्हटलं आणि थांबल्या. “पण बाळा, मी तर सुई घेते.”

“चाची, हे असंच बोलतात. जाहिरात आहे ना.”

“खोटं नाही ना होणार?”

“पुढे सोडणारच आहात की. इन्शाल्ला.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “तू आपल्या कोकणातला पोर. तुझं काम अडायला नको.” त्यांनी डोळे मिटून बिस्मिल्ला म्हटलं आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. नाव, नवऱ्याचं नाव, गाव, सगळं. वीस वर्षांचं दुखणं त्यांनी इतकं साधेपणाने सांगितलं की कॅमेरावाला मराठी न कळताही डोळे पुसत होता. दुसरा टेक लागलाच नाही.

व्हिडिओ तुफान चालला. दुबईपासून दापोलीपर्यंत लोक बघत होते. चाचींच्या दाभोळच्या बहिणीनेही पाहिला. प्रल्हादने मला मिठी मारली, “हबीबी, ही बाई नाही, सोन्याची खाण आहे.” घरी मी चौकटीकडे बघून बाप्टिस्टला सलाम ठोकला. माझी मुलगी शेनॉन सोफ्यावरून म्हणाली, “Dada, that's creepy.” मी हसलो.

दीड महिन्याने फैजच्या बायकोचा, रशीदाचा फोन आला. आवाज दबलेला होता.

“स्टॅनलीभाई, तुम्ही घरी येऊ शकता का? अम्मीने इन्सुलिन सोडलंय.”

“कधीपासून?”

“माहीत नाही. आज फ्रिज साफ करायला काढला तर मागे इन्सुलिनच्या पेनांचा बॉक्स तसाच, सील न तोडलेला. विचारलं तर म्हणते, टाकून दिली असं मी बोलले ना. पायाला जखम झालीय, ती पण सुकत नाही. फैजने आरडाओरडा केला, मशिदीतल्या मौलवींना फोन लावून दिला. ते म्हणाले, जीव वाचवणं फर्ज आहे. तरी ऐकत नाही. तुमचं ऐकेल.”

मी गाडी काढली. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये रांगत असताना माझ्या कानात एकच वाक्य घुमत होतं, आता कुठल्या तोंडाने घेऊ. आमच्या लग्नांतलं ते हसणं मला आठवलं.

चाची गॅलरीजवळच्या पलंगावर बसल्या होत्या. डाव्या पायाला पट्टी. मला बघून त्यांना खरंच आनंद झाला, रशीदाला चहा टाकायला सांगितलं. मी आढेवेढे न घेता बोललो.

“चाची, ती ओळ मी लिहिली होती. तुमची नाही. पाप लागलं तर मला लागेल. तुम्ही सुई घ्या.”

“लिहिलीस तू, बोलले मी. तोंड माझं होतं.”

“तुम्ही फक्त वाचलंत.”

“बिस्मिल्ला म्हणून वाचलं. ती गवाही झाली.” त्यांचा आवाज मऊ होता, शाळेतल्या बाई पोराला गणित समजावतात तसा. “आणि हे बघ. माझ्या बहिणीने, यम्नाने, मला बघून तिकडे सुई सोडली होती. मी फोन करून तिला परत चालू करायला लावली. यम्नाचा नंबर माझ्याकडे आहे, बाकीच्यांचे कुठून आणू? मी रोज लोकांना सांगतेय, सुई टाका. आणि घरात बसून स्वतः चोरून टोचून घेऊ? ते मला जमत नाही.”

मी रशीदाने आणलेला चहा खाली ठेवला.

“तू ते बंद कर,” त्या म्हणाल्या. “माझं बोलणं बंद झालं की मी मोकळी. त्याच मिनिटाला सुई घेईन. शपथ घालून सांगते.”

“इन्शाल्ला, उद्या बंद करतो.”

“इन्शाल्ला नको. नुसतं करतो म्हण.”

“करतो, चाची.”

दुसऱ्या दिवशी मी प्रल्हादच्या केबिनमध्ये उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नाही. त्याने पेपरवेट फिरवला, दुःखी चेहरा केला.

“म्हातारी माणसं अशीच असतात यार. आमची आजी पण अशीच. पण स्टॅनली, महिनाअखेरपर्यंत कॅम्पेन आहे. ओनरला काय सांगू? बेस्ट परफॉर्मिंग व्हिडिओ काढून टाकला, का, तर एक बाई इमोशनल झाली? फॅमिलीने समजवावं ना.”

“ती ओळ मंजूर मजकुरात नव्हती, सर.”

पेपरवेट थांबला. “ती ओळ कोणी लिहिली होती?”

मी दाराकडे वळलो.

“तुझा व्हिसा रिन्युअलला आहे ना पुढच्या महिन्यात? मुलगी बारावीला. बघ, मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय. पासवर्ड तुझ्याकडे आहे, पण हात लावू नकोस. लास्टला सगळं तुझ्याच गळ्यात येईल.”

मी जागेवर येऊन बसलो. समोर स्क्रीनवर चाची होत्या, पांढऱ्या ओढणीत. खाली कोपऱ्यात एक बटण होतं. दोन वेळा दाबलं की व्हिडिओ बंद. मी त्याच्यावर बाण नेला आणि परत आणला. हे मी दुपारपर्यंत चार वेळा केलं. भित्रेपणाला किती वेळ लागतो ते तेव्हा कळलं. मग मी उठलो, बाहेर जिन्यात गेलो आणि फैजला फोन लावला.

“चाचींना दे. हां, चाची? केलं बंद. खलास.”

पलीकडे त्यांनी लांब श्वास सोडला. “अल्लाह तुझं भलं करो बाळा. रशीदा, ते पेन आण.”

मी जिन्यात उभा राहून ते ऐकलं. आणि खरं सांगतो, मला स्वतःचं कौतुक वाटलं. एका खोट्याने म्हातारीला मारत आणलं होतं, दुसऱ्या खोट्याने वाचवली. हिशेब बरोबर. महिना संपेल, व्हिडिओ आपोआप जाईल, कोणाला काही कळणार नाही. त्या संध्याकाळी मी इनेजसाठी केक घेऊन गेलो. तिने विचारलं कशाचा, मी म्हटलं, सहज.

आठ दिवस चाची दोन्ही वेळा इन्सुलिन घेत होत्या. रशीदाचा मेसेज यायचा, साखर उतरतेय, जखमेची लाली कमी आहे. नवव्या दिवशी दुपारी शाळेतून आलेली दुआ, फैजची नऊ वर्षांची मुलगी, टॅबवर कार्टून बघत आजीच्या मांडीला टेकून बसली होती. हे मला नंतर रशीदाने सांगितलं. कार्टून थांबलं, जाहिरात लागली. दुआ टाळी वाजवून म्हणाली, “Daadi, it's you! You're on again!” आणि त्या खोलीत चाचींचा आवाज सुरू झाला. माझं नाव खैरुन्निसा. राहणार दाभोळ.

चाचींनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, “फैजला सांग, स्टॅनलीला फोन लाव.”

फोन आला तेव्हा मी ऑफिसातच होतो. स्क्रीनवर फैजचं नाव बघितलं आणि मला कळलं. कसं कळलं ते सांगता येत नाही, पण कळलं. मी फोन वाजू दिला. त्या दिवशी तीनदा वाजला, दुसऱ्या दिवशी दोनदा. मी मेसेज टाकला, ‘मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो.’ नंतर केला नाही. काय सांगणार होतो? रशीदाचा मेसेज आला, ‘अम्मी म्हणते स्टॅनलीला येऊ दे, तो येऊन सांगेल, मग मी घेईन.’ पाठोपाठ दुसरा, ‘ती तुमच्यावर रागावलेली नाही.’ हा दुसरा मेसेज मी बरेच दिवस पुसून टाकायचा प्रयत्न केला. अजून आहे.

फैजने जबरदस्तीने हात धरून सुई द्यायचा प्रयत्न केला. चाचींनी हात सोडवून घेतला नाही, नुसतं त्याच्याकडे बघितलं. त्याला जमलं नाही. कोणत्या मुलाला जमेल? चौथ्या दिवशी त्यांना ताप भरला, पाय घोट्यापर्यंत काळा पडला, आणि त्या बरळायला लागल्या. तेव्हा ॲम्ब्युलन्स बोलावली. रशीदाने मेसेज टाकला त्यात फक्त हॉस्पिटलचं नाव होतं.

मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडी लावली. भर दुपार होती, स्टिअरिंगला हात लागत नव्हता. मी फोन काढला, पासवर्ड टाकला, बटण दाबलं. ‘नक्की?’ असं विचारलं. परत दाबलं. झालं. रशीदाच्या पहिल्या फोनपासून ह्या दोन टिचक्यांना मी दोन आठवडे लावले होते. नोकरीवर काय होईल याचा विचार आला, पण एवढ्या उशिरा आलेल्या धाडसाची मला लाजच जास्त वाटली.

वर गेलो. फैज खुर्चीत होता, त्याने माझ्याकडे बघितलं आणि उठून खिडकीशी गेला. चाचींना ड्रिप लावलं होतं, त्यातून आता इन्सुलिन जातच होतं, कोणाची परवानगी न घेता. डॉक्टर म्हणाले होते विष रक्तात पसरलंय, पाय काढला तरी भरवसा नाही. पण त्या क्षणी त्या शुद्धीवर होत्या.

मी वाकलो. “चाची, बंद केलं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे खोल गेले होते, पण नजर तीच, मऊ.

“ह्या वेळी खरंच केलं, चाची. येशूची शपथ.”

त्यांनी मान हळूच वळवून पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या नातीकडे पाहिलं. “दुआ, बघ गं.”

माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचं त्यांना काहीच कारण नव्हतं, हे मला मान्य आहे. तरी तो क्षण मी विसरू शकत नाही. बंद केल्याचं मी पहिल्यांदाच त्यांना खरं सांगितलं होतं आणि ते तपासायला नऊ वर्षांच्या मुलीला सांगितलं गेलं.

दुआने आईचा फोन घेतला, शोधलं. “Not on the clinic page, Daadi. It's gone.” माझा जीव भांड्यात पडला. तिने अजून बोट फिरवलं. “But it's here. And here. Some other people put it. This one has music.”

कोणी कोणी उचलून आपल्या पानांवर टाकला होता. कोणी स्वतःचे थेंब विकत होतं, कोणी चूर्ण. चाची तीच, गाव तेच, खाली बाटली दुसरी. हॉब्डेचा ठसाही असाच ह्या छापखान्यातून त्या छापखान्यात फिरला असेल.

चाचींनी डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. मग ओठ हलले, मी कान जवळ नेला.

“आता तू बोल.”

“काय बोलू, चाची?”

“नाव सांग. बापाचं नाव सांग. गाव सांग. आणि खरं काय ते बोल. माझं बोलणं तुझ्याने थांबत नाही ना, मग तू माझ्यासमोर बोल.”

दुआने फोन धरला. मी त्या ट्यूबलाइटच्या उजेडात, पलंगाशेजारी उभा राहिलो. लाइट नाही, मेकअप नाही, लिहिलेला मजकूर नाही. अठरा वर्षं मी लोकांना सांगत आलो, कॅमेऱ्यात बघा, घाबरू नका, सोपं असतं. सोपं नसतं. मी म्हटलं, माझं नाव स्टॅनली, वडिलांचं नाव आग्नेलो, राहणार वसई. ह्या खैरुन्निसाचाची. यांनी इन्सुलिन सोडलं नव्हतं. ते वाक्य मी लिहिलं, खोटं लिहिलं, आणि त्या वाक्यापायी त्या आज इथे आहेत. कोणीही सुई सोडू नका. एवढं बोलायला मला तीन टेक लागले, कारण दोनदा मला रडू आलं. चाचींनी किती ऐकलं माहीत नाही. त्यांचा हात चादरीवर होता, दोन बोटं हलली असं मला वाटलं. फैज खिडकीशी पाठ करूनच उभा होता.

चाची दुसऱ्या दिवशी दुपारी, असरच्या नमाजाआधी गेल्या. दफन तिथेच झालं, उम्म अल कुवैनला. मी लांब उभा होतो. फैजने मला जवळ बोलावलं नाही, हाकललंही नाही.

नोकरी गेली, ते सांगण्यात काही अर्थ नाही. शेनॉनची परीक्षा संपली की आम्ही परत जाऊ. इनेजने एक दिवस न बोलता ती चौकट उतरवली आणि कपाटात, चादरींच्या खाली ठेवली. भिंतीवर चौकोनी डाग राहिला आहे, तिथला रंग बाकीच्यापेक्षा उजळ आहे. जेवताना मी त्याच्याकडे बघतो आणि बाप्टिस्टच्या बायकोचा विचार करतो. तिचं नाव आमच्यात कोणालाच माहीत नाही.

माझा व्हिडिओ आतापर्यंत त्रेसष्ट वेळा पाहिला गेला आहे. त्यातल्या निम्म्या वेळा तर मीच. चाचींचा, संगीत लावलेला, परवा साडेतीन लाखांच्या पुढे गेला. मी रोज तक्रारी टाकतो. एक पान बंद झालं की दोन नवी उगवतात.

काल माझ्या व्हिडिओखाली पहिली कॉमेंट आली. अल ऐनहून विभावरी नावाच्या कुणी बाई आहेत. लिहितात, ‘भाऊ, आवाज नीट येत नाही. या चाचींचा दुसरा व्हिडिओ बघितला, छान बोलल्या आहेत. माझ्या आईनेपण सोमवारपासून सुई बंद केली. हे थेंब अल ऐनला कुठे मिळतील?’

मी लगेच उत्तर लिहिलं. मग पुन्हा लिहिलं, नंबर दिला, फोन करा म्हटलं. आज सकाळी तिसऱ्यांदा लिहिलं. बाईंनी अजून पाहिलेलं नाही.